कोकणकडा, नोंद ५: गवत उकळतंय

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा उभा करण्याचं काम चालू आहे. मागच्या नोंदीतला ६४ सॅम्पलचा, म्हणजे दर पिक्सेलला ६४ किरणांचा, आनंद फार टिकला नाही. एकेक फ्रेम सुटी पाहिली तर देखणी. सेकंदाला २४ च्या वेगाने लागोपाठ लावली की पठारावरचं गवत आधणावरच्या भातासारखं खदखदतं. वारा बंद ठेवूनही.

पहिला संशय डीनॉइझरवर, म्हणजे चित्रातला दाणेदार नॉइज पुसणाऱ्या प्रोग्रॅमवर, आणि तो अर्धा खरा. आपला डीनॉइझर, ओपन इमेज डीनॉइज, प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे साफ करतो, शेजारच्या फ्रेमशी त्याचं देणंघेणं नाही. सीड (किरणांची यादृच्छिक मांडणी ठरवणारा आकडा) गोठवला तर खदखद थांबते, पण कॅमेरा सरकताच डाग काचेवरच्या धुळीसारखे पडद्याला चिकटून राहतात. ते त्याहून वाईट. सीड पुन्हा फिरता केला, सॅम्पल २५६. चौपट सॅम्पलला नॉइज निम्मा, एवढंच पदरात पडतं. फ्रेमला ११ मिनिटं, २४० फ्रेमना ४४ तास, आणि गवत मंद आचेवर का होईना, शिजतंच आहे.

खरी गोम आकडेमोडीत सापडली. ५० मिमी लेन्स, ३६ मिमी सेन्सर, १९२० पिक्सेल रुंदी: ४०० मीटरवर एक पिक्सेल १५ सेंटिमीटर झाकतो. आपलं पातं ४ मिलिमीटरचं. दर सॅम्पलला किरण वेगळ्याच पात्यावर आदळणार. त्यामुळे अल्बेडो (मूळ रंग) आणि नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा) या पासची, म्हणजे जोडचित्रांची, अवस्थाही डळमळीत, आणि डीनॉइझर कडा ओळखतो त्या यांच्याच भरवशावर. पातं पिक्सेलएवढं दिसतं ते जेमतेम ११ मीटरपर्यंत.

म्हणून जिओमेट्री नोड्समध्ये (नियम जोडून आकार घडवण्याची ब्लेंडरची सोय) ११ मीटरपुढे पात्याची रुंदी अंतराच्या प्रमाणात वाढवली आणि घनता त्याच प्रमाणात उतरवली: ६० मीटरवर पातं साधारण २२ मिलिमीटर, संख्या साडेपाचपट कमी. ७० मीटरपुढे पातीच नाहीत, जमिनीच्या टेक्स्चरला गवताचा सरासरी रंग. ४५ ते ७० मीटरच्या पट्ट्यात पाती रँडम गाळायची, नाहीतर पठारावर बांध घातल्यासारखी रेघ दिसते.

इथे एक खड्डा आहे. अंतर चालत्या कॅमेऱ्यापासून मोजलं तर दर फ्रेमला घनता बदलते, आणि पाती उगवतात, गायब होतात. कॅमेऱ्याच्या मार्गाच्या वक्ररेषेचा (कर्व्ह) मेश, म्हणजे जाळीचा आकार, करून जिओमेट्री प्रॉक्सिमिटी या अंतर मोजणाऱ्या नोडला द्या. अंतर मार्गापासून मोजलं जातं आणि गवत जागचं हलत नाही. विकतच्या, पाती पसरवून देणाऱ्या स्कॅटर अ‍ॅड-ऑनची गरज नाही.

अल्फा कार्डंही (गवताचं चित्र चिकटवलेले पारदर्शक चौकोन) काढली. ट्रान्सपरंट बाउन्स (किरण किती पारदर्शक थर ओलांडेल ती मर्यादा) ८ वर संपले की काळे ठिपके, ३२ वर नेले की वेळ फुगतो. तीन फेसचं (सपाट तुकड्यांचं) खरं पातं स्वस्त पडतं. आता १२८ सॅम्पल, नॉइज थ्रेशोल्ड (नॉइज याखाली गेला की त्या पिक्सेलचे किरण थांबतात) ०.०३, फ्रेमला ४ मिनिटं. एकूण १६ तास. १५ मीटरवरचं दवानं वाकलेलं पातं झूम करून तीनदा पाहिलं, एकदाही थरथरलं नाही!

कड्याचं काम मागे पडलंय. ३० मीटरच्या एसआरटीएम हाइटमॅपमध्ये (उपग्रहकक्षेतून रडारने मोजलेला उंचीचा नकाशा, दर जागेला एकच उंची) त्याचा आत वळलेला पोट-भाग येऊच शकत नाही, तो वेगळा मेश लागणार. पुढचा नंबर त्याचाच होता, पण हे लिहितानाच सुचलं: दरीतून वर येणारं धुकं मुळात मऊ, ते पूर्ण रिझोल्यूशनला कशाला? दुसरा सीन करून कलेक्शन लिंक करायची, व्हॉल्यूम, म्हणजे धुकं, ५० टक्के रिझोल्यूशनवर, कडा होल्डआउट (न दिसता मागचं कापणारा). मोठं करताना कड्याच्या रेषेवर पांढरी किनार येणार, तिथे डेप्थ पासवरून (दर पिक्सेलचं अंतर सांगणारं चित्र) मास्क लागेल. आधी हेच, २० फ्रेमवर.