स्कॉटलंडला जायच्या आधी गाडी मागं घ्यायला शिका

साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात हात बसलेल्या माणसाला स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये, म्हणजे तिथल्या डोंगराळ भागात, गाडी चालवणं जड जाऊ नये. स्टिअरिंग उजवीकडं, गाडी डाव्या बाजूनं, सगळं आपल्यासारखंच. घोळ होतो तो एकपदरी रस्त्यावर समोरून गाडी आली की.

तिकडचा ‘सिंगल ट्रॅक’ रस्ता म्हणजे एका गाडीच्या रुंदीचं डांबर, जाणारे-येणारे दोघंही त्याच्यावरच. ठरावीक अंतरानं रस्ता एका बाजूला जरा फुगवलेला असतो, तिथं पांढरी पाटी: पासिंग प्लेस. ही जागा आपल्या डावीकडं असली तर आत शिरून थांबायचं. उजवीकडं असली तर आत शिरायचं नाही. तिच्यासमोर आपल्याच डाव्या कडेला उभं राहायचं, समोरचा तिच्यात वळून निघून जातो. आपली माणसं चुकतात ती नेमकी इथं. उजवीकडं मोकळं दिसलं म्हणून गाडी घालतात, तेवढ्यात समोरच्यानंही तिकडंच घातलेली असते. मागच्याला घाई असेल तर त्यालाही याच जागेतून पुढं सोडायचं. फोटोसाठी तिथं गाडी लावणं म्हणजे एसटी थांब्यावर जीप लावण्यासारखं.

दुसरी सवय साइडपट्टीची. बामणोलीकडं उतरताना समोरून एसटी आली की आपण डावी चाकं बिनधास्त खाली उतरवतो. हायलँड्समध्ये डांबराच्या कडेला बऱ्याच ठिकाणी पाणी प्यालेली पीटची (कुजलेल्या वनस्पतींची) भुसभुशीत माती असते, कुठं गवतानं झाकलेली चर. चाक रुततं आणि गाडीचं पोट डांबराच्या कडेवर टेकतं. भाड्याच्या गाडीच्या विम्यात टायर आणि खालचा भाग पुष्कळदा धरलेला नसतो, तेव्हा करारातली ती ओळ आधी वाचा.

कडेला उतरता येत नाही, तेव्हा दोन पासिंग प्लेसच्या मधे गाठ पडली की कुणाला तरी मागं जावंच लागतं. म्हणून रिव्हर्स. कासच्या पठारावर फुलांचा हंगाम नसताना आडवारी सकाळी जा, एखादा मोकळा तुकडा बघा आणि एकाला मागं उभं करून ५०-६० मीटर गाडी मागं घ्या. डावा आरसा खाली झुकवा, म्हणजे मागचं चाक आणि डांबराची कड दोन्ही दिसतात. वेग माणसाच्या चालीचा. स्टिअरिंग थोडंथोडंच फिरवायचं. गाडी नागमोडी जाते ती स्टिअरिंग जास्त फिरवल्यामुळं आणि मग घाबरून उलटं फिरवल्यामुळं.

चढणाऱ्याला आधी वाट, हा नियम दोन्हीकडं सारखाच. दिव्याची भाषा मात्र उलटी. आपल्याकडं डिपर म्हणजे ‘मी येतोय, थांब’. तिकडं बहुतेक वेळा ‘या तुम्ही’. पण तिथल्या नियमपुस्तकात डिपरचा अर्थ ‘मी इथं आहे’ एवढाच, म्हणून समोरची गाडी थांबलेली बघूनच पुढं सरका. पार झालात की हात वर करा, तेवढी रीत सगळेच पाळतात.

हे सगळं पणाला लागतं पश्चिम किनाऱ्यावरच्या ॲपलक्रॉस गावाला जाताना, बेलाख ना बा या खिंडीत. गेलिक भाषेत अर्थ गुरांची खिंड. उंची ६२६ मीटर, म्हणजे कासच्या निम्मीच, पण चढण समुद्रसपाटीपासून सुरू होते आणि काही ठिकाणी पाचास एक (पाच मीटर पुढं, एक मीटर वर) इतकी उभी आहे. पायथ्याच्या पाटीवर शिकाऊ चालक, मोठी वाहनं आणि कॅरव्हॅन (गाडीमागं ओढायचं चाकांवरचं घर) यांनी जाऊ नये असं लिहिलेलं आहे. उतरताना खालचा गिअर ठेवायचा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकणाऱ्यांनी ती हौस घरी ठेवून जावी, ब्रेक तापून सोडून देतात. हात बसला नसेल तर शिल्डेग गावावरून किनाऱ्याचा रस्ता आहे. लांब पडतो, तोही बराचसा एकपदरीच, पण सौम्य.

कागदांचं फार नाही. इंग्रजीतलं आपलं कार्ड लायसन्स तिथं १२ महिने चालतं. आंतरराष्ट्रीय परवाना कायद्यानं लागत नाही, तरी गाडी देणारा मागू शकतो, बुकिंग करतानाच विचारून घ्या. ऑटोमॅटिकही तेव्हाच सांगा, न सांगता बहुधा गिअरचीच मिळते. पाटीवरचा वेग मैलात असतो: ६० म्हणजे ताशी ९६ किलोमीटर. एकपदरी रस्त्यावर ती मर्यादा कागदावरच समजा, वळणापलीकडं मेंढरं बसलेली असतात.

इंधन बहुतेक ठिकाणी स्वतःच भरायचं. हिरवा नोझल पेट्रोलचा, काळा डिझेलचा. चुकीचं भरलं गेलं तर गाडी सुरू करू नका, किल्लीही फिरवू नका. जागेवरूनच गाडी देणाऱ्याला फोन करा.