सोसायटीच्या एनओसीत अडकलेलं आमचं भाड्याचं घर : मुलुंडचा अनुभव

सामान लागलं, मुलाची शाळा सुरू झाली, दूधवाला ठरला. तरी त्या सोसायटीच्या ऑफिसचं नाव निघालं की माझं डोकं अजून तापतं. मुंबईत भाड्याने घर घेणाऱ्यांचा जीव घर शोधण्यात, भाड्याची घासाघीस करण्यात जातो आणि खरी अडवणूक होते ती गेटवर. त्याबद्दल कोणी आधी सांगत नाही, म्हणून लिहितेय.

कांजूरमार्गचं आमचं घर मालकांनी विकलं आणि जूनअखेर ते रिकामं करून द्यायचं ठरलं. मुलाची शाळा मुलुंडला, त्यामुळे मुलुंड पूर्वच पाहायचं हे नक्की होतं. गव्हाणपाड्याच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके मिळालं. भाडं ३२,०००, डिपॉझिट दीड लाख, ब्रोकरला एका महिन्याचं भाडं. मालक म्हणजे पुण्यात राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले काका. माणूस सरळ आणि कागदाला पक्का. पुढे सगळं निभावलं ते त्यांच्यामुळेच.

करार ऑनलाइन झाला. एजंट घरी येऊन आमचे अंगठे घेऊन गेला, काकांचे पुण्यात घेतले गेले. दोन वर्षांचा लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता घर वापरायला देण्याचा करार. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के असतं, पण ते नुसत्या भाड्यावर नाही. पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर दरसाल १० टक्के धरलेलं व्याज, या बेरजेवर लागतं. आमचं दोन हजारांच्या आसपास आलं. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००. त्याच्या वर एजंट जे मागेल ते त्याची मजुरी, ती आधी ठरवून घ्या. आणि ‘अकरा महिन्यांचा करार आहे, रजिस्टर करायची गरज नाही’ असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. ती जबाबदारी मालकाची आहे आणि त्यात शिक्षेची तरतूदही आहे.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. टेम्पोवाल्याशी बोलणं झालं, खोकी भरायला घेतली. काकांनी नोंदणी झालेला करार सोसायटीला मेल केला आणि मी सेक्रेटरींना भेटायला गेले. लिफ्ट कधी वापरायची, टेम्पो कुठे उभा करायचा, एवढंच विचारायचं होतं.

‘‘एनओसी कुठे आहे?’’ त्यांनी विचारलं. म्हणजे भाडेकरू ठेवायला सोसायटीचं ना-हरकत पत्र.

करार रजिस्टर झालाय, प्रत मेलवर आहे, असं मी सांगितलं. मेल चालत नाही म्हणाले. सोसायटीचा छापील फॉर्म भरा, कमिटी बसेल, कुटुंबाला बोलावेल, मग एनओसी. कमिटी कधी बसणार? चेअरमन गावाहून आल्यावर. चेअरमन कधी येणार? ते नक्की नाही. तोवर सामान आत घ्यायचं नाही, वॉचमनला तशी सूचना आहे.

शिवाय ‘पोलीस एनओसी’ आणा, शिक्का मारलेली. भाडेकरूची माहिती काकांनी मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर भरली होती, त्याची प्रिंट मी दाखवली. ‘‘ही नाही, एनओसी पाहिजे,’’ हे एकच पालुपद. मी ती प्रिंट घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारांनी शांतपणे सांगितलं, ‘‘ताई, मालकाने आम्हाला माहिती द्यायची असते. आम्ही एनओसी देत नाही. हीच तुमची पोच.’’ हे उत्तर घेऊन परत सोसायटीत. सेक्रेटरी जेवायला गेलेले. संध्याकाळी या. संध्याकाळी ऑफिस बंद.

इकडे कांजूरच्या घराचे नवे मालक रंगकाम करून घ्यायला थांबलेले. बाहेर पाऊस लागलेला. अर्धं घर खोक्यांत, स्वयंपाकाला एक कुकर आणि एक कढई बाहेर ठेवलेली.

मग आम्हाला ‘भेटायला’ बोलावलं. कमिटीचे तिघे समोर, आम्ही नवरा-बायको अलीकडे. पाहुणे किती येतात? मच्छी रोज करता का? माझा नवरा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, त्याला रात्रपाळी असते. त्यावर ‘‘रात्री-अपरात्री येणंजाणं आमच्याकडे चालत नाही,’’ असं तोंडावर सांगितलं. आजाऱ्यांची रक्तं तपासून पहाटे घरी येणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागावं याचा मला फार संताप आला, आजही येतो. शेवटी शिफ्टिंगचे पैसे सांगितले, तेही रोख. पावतीचं विचारलं तर विषय बदलला. काकांना वेगळा निरोप गेला की भाडेकरू ठेवलाय म्हणून मेंटेनन्स दुप्पट भरावा लागेल.

हे फोनवर ऐकलं आणि काका दुसऱ्याच दिवशी पुण्याहून आले. बरोबर उपविधींची, म्हणजे सोसायटीच्या नियमांची पुस्तिका. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये ४३ क्रमांकाखाली हा विषय आहे. सदनिका लिव्ह अँड लायसन्सवर द्यायला संस्थेची परवानगी लागत नाही. सभासदाने आठ दिवस आधी संस्थेला कळवायचं आणि नोंदणीकृत कराराची प्रत व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडायची, इतकंच. या सोसायटीने तेच उपविधी स्वीकारले आहेत, हे काकांना सभासद म्हणून माहीत होतं. आठ दिवस तर मेल केल्यापासून कधीच उलटून गेले होते. दुसरा मुद्दा बिनभोगवटा शुल्काचा, म्हणजे मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी जे जादा पैसे घेते त्याचा. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि सेवा शुल्क धरताना महापालिकेचे कर वगळायचे असतात. दुप्पट मेंटेनन्स कुठल्याच हिशोबात बसत नाही.

काकांनी आवाज चढवला नाही. पत्राच्या दोन प्रती टेबलावर ठेवल्या. ‘‘ही तुम्हाला, या दुसऱ्या प्रतीवर मला पोच द्या. शिक्का, तारीख, सही.’’ सेक्रेटरी म्हणाले, कमिटीला विचारून सांगतो. काका म्हणाले, ‘‘अवश्य विचारा. पोच दिली नाहीत तर हेच पत्र मी आत्ता पोस्टात जाऊन रजिस्टर एडीने पाठवतो आणि एक प्रत सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांना.’’ थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग ड्रॉवरमधून शिक्का निघाला. त्याच संध्याकाळी पाऊस उघडल्यावर आमचा टेम्पो आत आला. रोख पैसे कोणी पुन्हा मागितले नाहीत.

मला तेव्हा जो आनंद झाला तो घर पसंत पडल्याच्या दिवशीही झाला नव्हता. घर घेणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे : टोकन देण्याआधी मालकाला विचारा की सोसायटीशी त्यांचं कसं आहे आणि पत्र द्यायला ते स्वतः येतील का. भाडेकरूने एकट्याने भांडून उपयोग नसतो, कारण सोसायटीचा सभासद तो नाही, मालक आहे. पत्र द्या ते पोच घेऊनच. आणि जुनं घर सोडायची तारीख नव्या सोसायटीत पत्राची पोच मिळाल्यावरच कळवा. आमच्यासारखी तारीख दुसऱ्याच्या हातात असेल तर निदान खोकी बांधण्याआधी हे काम उरका.

बाकीचं आठवेल तसं सांगते. किल्ली हातात आली की सामान येण्याआधी घराचा व्हिडिओ काढा. ओल, नळ, खिडक्यांच्या काचा, गिझर, सगळं, आणि तो मालकाला लगेच पाठवून ठेवा. आमच्या बाथरूमच्या कोपऱ्यात ओल होती, ती त्यात आहे. डिपॉझिट परत घेताना हाच आधार. विजेचं मागचं बिल भरलंय का पाहा, मीटरचं रीडिंग टिपून घ्या. आम्ही आधी राहायचो तो भाग आणि मुलुंड, दोन्हीकडे महावितरण असल्याने अ‍ॅप तेच राहिलं, पण उपनगरांत इतरत्र अदानी किंवा टाटा पॉवर असू शकतं, शहरात बेस्ट. पाइप गॅस मालकाच्या नावावरच राहू दिला, बिल आम्ही भरतो. पाणी किती वाजता येतं हे ब्रोकरला नाही, शेजारणीला विचारा. मला आमच्या शेजारच्या आजींनी पहिल्याच सकाळी दार वाजवून सांगितलं आणि कामाला बाईही त्यांनीच मिळवून दिली.

नोंदणीकृत करार आधारवरचा पत्ता बदलायला चालतो. मतदार यादीत पत्ता बदलायला फॉर्म ८ भरायचा. करारावर नवरा-बायको दोघांचीही नावं घाला, नाहीतर एकाचा पत्ता बदलतो आणि दुसऱ्याचा कुठेतरी अडतो. लॉक-इन (ज्या काळात करार मध्येच मोडता येत नाही तो) किती महिन्यांचा आणि नोटीस किती दिवसांची हेही सहीआधी वाचा. आमच्या मसुद्यात लॉक-इन फक्त आम्हाला होता, मालकांना नाही. काकांना दाखवल्यावर त्यांनी तो दोघांना सारखा करून घेतला.