उलटा हात

पावसाळा लागला की आमचा जुना फ्रिज करंट मारू लागे. झटका झिणझिण्या येण्याइतकाच असे, तरी फ्रिज उघडण्याचा एक विधीच घरात ठरून गेला होता: पायात रबरी चपला, मग दाराला उलट्या हाताचा ओझरता स्पर्श, आणि काही जाणवले नाही तरच हँडलला हात. विजेने स्नायू आखडतात आणि तळहात लागला असेल तर मूठ आपोआप मिटते, हे कारण मला फार उशिरा कळले. आई ते न वाचताच पाळत होती. आजोबा मात्र अनवाणीच जात, हात झटकत आणि "चालायचंच" म्हणून दुधाचे पातेले बाहेर काढत.

पुढे वायरमनने अर्थिंगची तुटलेली तार जोडली. करंट गेला, विधी राहिला. त्यानंतर फ्रिजही बदलला, तरी माझा हात अजून उलटाच पुढे होतो.

रिचर्ड सॉलोमन आणि लायमन विन या मानसशास्त्रज्ञांनी 1953 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतले कुत्रे असेच वागले होते. इशारा मिळताच अडथळ्यावरून उडी मारली की झटका चुकतो, हे ते चटकन शिकले. नंतर झटका देणेच बंद केले, तरी त्यांच्या उड्या शेकडो वेळा चालूच राहिल्या. जो वेळेआधीच उडी मारतो, त्याला आता झटका उरलेला नाही हे कळणार तरी कसे?

1967 मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात याची दुसरी बाजू पाहिली. काही कुत्र्यांना डोक्याने पट्टी दाबून झटका थांबवता येत होता. दुसऱ्यांना तेवढेच झटके बसत, पण थांबवण्याचा उपाय नव्हता. नंतर सहज ओलांडता येईल असा अडथळा समोर असूनही या दुसऱ्या गटातले बहुतेक कुत्रे तिथेच पडून कण्हत राहिले. (हे वाचताना माझे लक्ष निष्कर्षाऐवजी त्या कण्हण्याकडेच जाते.) ही हतबलता अनुभवातून शिकलेली, असे तेव्हा मानले गेले. मात्र 2016 साली त्याच दोघांनी आपले म्हणणे उलटे फिरवले: दीर्घ त्रासापुढे निपचित पडणे ही उपजतच प्रतिक्रिया आहे, आणि शिकावे लागते ते हे, की आपल्या हातात काही आहे.

"चालायचंच" म्हणणाऱ्या आजोबांना मी बरीच वर्षे त्या दुसऱ्या गटात बसवत होतो. पण वायरमन येऊन गेला त्या संध्याकाळी आम्ही चपला शोधत असताना ते नेहमीप्रमाणे अनवाणी गेले, अख्खा पंजा हँडलवर ठेवून क्षणभर थांबले आणि आत वळून म्हणाले, "सूनबाई, आज काही लागलं नाही बरं का."