तुम्ही विचारलंत म्हणून: चालतंय ना, मग हात कशाला लावता?

मेंटेनन्सची मेल गेली की दुसऱ्या दिवशी फोन सुरू होतात. "साइट व्यवस्थित चालतेय ना? मग अपग्रेड कशाला?" चौदा वर्षं मी कोल्हापुरातून होस्टिंग देतोय. तीन सर्व्हर, दीडशेच्या आसपास साइट्स. प्रत्येकाला मी तीन मिनिटांत बसेल तेवढं उत्तर देतो आणि फोन ठेवताना वाटतं, खरं सांगायचं राहूनच गेलं.

तीन मिनिटांचं उत्तर असं. प्रत्येक सॉफ्टवेअरला मुदत असते आणि ती माझ्या हातात नसते. सेंटओएस ८ या सर्व्हर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार हे धरून मी एक सर्व्हर उभा केला. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ते २०२१ च्या अखेरीस बंद होणार. त्या सर्व्हरवर मी त्याच्या जागी अल्मालिनक्स घातलं, तेव्हाही हाच प्रश्न आला होता. मुदत संपलेल्या सिस्टिममध्ये नवं भोक सापडलं तर ते बुजवायला कोणी येत नाही, आणि एकाच सर्व्हरवर साठ साइट्स असताना एकीतून शिरलेला माणूस उरलेल्या एकोणसाठांची दारं ढकलून बघतो. तुम्हाला तुमची साइट दिसते. मला लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, दिसतात. रोज, न चुकता, कोणीतरी पासवर्ड लावून बघत असतं.

रात्रीच का करता, हेही विचारतात. रात्री ऑर्डरी येत नाहीत म्हणून. पण एक साइट न्यू जर्सीतल्या मंडळींची आहे. इथे रात्रीचा दीड वाजतो तेव्हा हिवाळ्यात तिथे दुपारचे तीन वाजलेले असतात. सगळ्यांची रात्र एकाच वेळी होत नाही, त्याला माझा इलाज नाही.

आता राहिलेलं.

नोव्हेंबर २०२३. मायएसक्यूएल म्हणजे साइट्सचा मजकूर साठवणारा डेटाबेस; त्याच्या ५.७ ची मुदत ऑक्टोबरमध्ये संपली होती, दिवाळीत कोणाचं दुकान बंद पडू नये म्हणून मी थांबलो होतो. दिवाळी आटोपल्यावर एका शनिवारी रात्री ८.० वर गेलो. पहाटे चारपर्यंत एकेक साइट उघडून बघितली, सगळ्या उघडल्या, मी झोपलो.

दुपारी एकला बाईंचा फोन आला. सांगलीच्या निवृत्त शिक्षिका. बारा वर्षं त्या आपल्या साइटवर जुन्या आठवणी, पत्रं, गावाकडची गाणी स्वतः टाईप करून ठेवत आल्यात. "अरे, माझं सगळं मराठी गेलं रे."

साइट उघडली. प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग चलनाचं गोल चिन्ह नाहीतर येनचं, पुढे आणखी काहीतरी. मुखपृष्ठाचा मजकूर फाइलमध्ये होता, डेटाबेसमध्ये नव्हता, म्हणून पहाटे मला काही दिसलं नव्हतं. घोळ जुना होता. डेटाबेसमधली टेबलं लॅटिन-१ ची, म्हणजे रोमन अक्षरांपुरत्या जुन्या संकेताची, आणि आत भरलेले बाइट युनिकोड देवनागरीचे. आत जाताना जी चूक व्हायची तीच बाहेर येताना उलटी व्हायची, म्हणून बारा वर्षं मराठी नीट दिसत होतं. ८.० मध्ये डीफॉल्ट कॅरेक्टर सेट, म्हणजे काही न सांगता धरला जाणारा अक्षरांचा संकेत, बदलला आणि दोन चुकांपैकी एक नाहीशी झाली. हे मला दुरुस्त करता आलं. संध्याकाळपर्यंत बारा वर्षांचा मजकूर जसाच्या तसा परत आला.

एक पान सोडून.

त्या सकाळी बाईंच्या थोरल्या बहिणीनं, वय शहाऐंशी, फोनवरून आईच्या जात्यावरच्या ओव्या सांगितल्या होत्या. बावीस. बाईंनी ऐकत ऐकत थेट साइटच्या चौकटीत टाईप केल्या आणि 'जतन करा' दाबलं. त्या जुन्या टेबलात देवनागरी मावत नव्हती, म्हणून डेटाबेसनं प्रत्येक अक्षराच्या, प्रत्येक मात्रेच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलं. दाखवताना झालेला गोंधळ उलटवता येतो. हा साठवतानाच झालेला होता. स्वल्पविराम शाबूत, ओळी शाबूत, दोन-दोन ओळींच्या बावीस जोड्या शाबूत, आणि आत नुसती प्रश्नचिन्हं. बॅकअप कशाचा काढणार? त्या ओव्या डिस्कवर कधी पोचल्याच नव्हत्या.

इथे मला माझ्या बाजूनं बोलायचा मोह होतो. टेबलं मी बनवली नव्हती, ती साइट बांधणाऱ्यानं बनवली होती. डीफॉल्टही मी बदललेला नव्हता. दोन्ही खरं आहे. पण मायएसक्यूएलमध्ये स्ट्रिक्ट मोड नावाची एक सोय आहे. ती चालू असती तर डेटाबेसनं ओव्या घ्यायला साफ नकार दिला असता, बाईंना लाल अक्षरात एरर दिसली असती आणि त्यांनी मला तेव्हाच फोन केला असता. मजकूर बहुधा चौकटीत तसाच राहिला असता. तो मोड मी बंद केला होता. ५.७ आलं तेव्हा एका शाळेचा प्रवेशाचा फॉर्म अडकायला लागला, कारण जन्मतारीख रिकामी सोडली की तो शून्यांची तारीख साठवायचा आणि स्ट्रिक्ट मोडला ती चालत नव्हती. शाळेतून फोन आला, "काल चालत होतं, आज काय केलंत?" फॉर्म दुरुस्त करायला दोन दिवस लागले असते. मी एक ओळ बदलली आणि सांगितलं, बघा, चालतंय.

तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं की नकार देणारा डेटाबेस तुला बिघडलेला का वाटला? त्याचं उत्तरही मला ठाऊक आहे. फोन थांबले होते, आणि महिन्याला दोनशे रुपये देणाऱ्या गिऱ्हाइकाचा फॉर्म फुकट दुरुस्त करून देणं परवडत नव्हतं. आजही परवडत नाही.

बाई रागावल्या नाहीत. "ताईला परत विचारते," म्हणाल्या. ताईंना दुसऱ्यांदा चौदा आठवल्या, त्याही वेगळ्या क्रमानं. त्या चौदा आता साइटवर आहेत. प्रश्नचिन्हांची नोंद बाईंनी काढून टाकायला सांगितली होती. मी पानावरून काढली, माझ्याकडे ठेवली आहे. ओळींच्या लांबीवरून एखादी ओवी जुळवता येईल असं मला काही दिवस वाटत होतं. मी मोजूनही बघितलं. नाही जुळत.

म्हणजे हात लावला नसता तर ओव्या वाचल्या असत्या का? त्या दिवशी, हो. हे मी नाकारत नाही. पण ५.७ वर आणखी किती वर्षं बसायचं होतं, आणि पुढच्या वेळी एकाच्या पानाऐवजी साठ जणांचं सगळं गेलं असतं तर तुम्ही मला काय विचारलं असतंत?

नव्या साइट्सना आता मी स्ट्रिक्ट मोड चालूच ठेवतो. अपग्रेडनंतर प्रत्येक साइटवर 'ज्ञानेश्वर' हा शब्द साठवून परत वाचून बघतो, त्यात जोडाक्षरं आहेत, मात्रा आहेत. जुन्या सर्व्हरवर तो मोड अजून बंद आहे. चालू केला तर शाळेचा फॉर्म पुन्हा अडकेल, आणि प्रवेश सुरू आहेत. मायएसक्यूएल ८.० ची मुदत एप्रिल २०२६ ची. मेल लिहून ठेवली आहे, बाईंना मात्र आधी फोन करणार आहे.