केसपेपरवरची दुसरी नोंद

‘जिन्यावरून पडली.’ केसपेपरवर एवढंच होतं, आणि तेही सासूनं सांगितलेलं. नागपुरातल्या एका सरकारी दवाखान्यात विधी सेवेची वकील म्हणून मी आठवड्यातून एकदा बसते. त्या दिवशी तिला माझ्याकडे पाठवलं ते हाडांच्या डॉक्टरांनी.

एक्स-रेत डाव्या हाताचं अल्ना हाड मधोमध मोडलं होतं. पडताना माणूस तळहात टेकतो, त्यामुळे बहुधा मनगट मोडतं. मार अडवायला हात वर धरला, की करंगळीच्या बाजूचं हे हाड मध्येच तुटतं. तेवढ्यावरून मारहाण सिद्ध होत नाही, पण पुन्हा विचारायला तेवढं पुरे. प्लास्टरच्या खोलीत नातेवाइकांना सोडत नाहीत. तिथे सिस्टरनं हळूच विचारलं.

“पडली नाही जी मी. काठीनं मारलं त्यानं. पण घरी नका सांगू.”

अशा वेळी घाईत पहिली ओळ खोडली जाते. मग कोर्टात खाडाखोडीवर बोट ठेवून अख्खा कागदच संशयात लोटतात. डॉक्टरांनी ती ओळ तशीच ठेवली. खाली तारीख-वेळ घालून नवी नोंद केली: आधीची माहिती सासूनं दिली होती, आता रुग्ण एकटी आहे, पुढे तिचेच शब्द. दंडावरचे व्रण सेंटिमीटरमध्ये मोजले; एक निळसर, दोन पिवळट. रंगावरून नेमका दिवस ठरत नाही, पण मार एकाच दिवसाचा नसावा अशी शंका येते. एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस म्हणून नोंद, झाली की पोलिसांना कळवावं लागतं, हे तिला आधीच सांगितलं. मागाहून कळलं असतं, तर ती परत आलीच नसती.

कौटुंबिक हिंसाचाराची माहिती नोंदवणारा ‘घरगुती घटना अहवाल’ फक्त त्या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारीच भरतात, हा समज दवाखान्यांतही पक्का आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमांतला नियम १७ वेगळं सांगतो: अहवाल झालेला नसेल तर दवाखान्यानं तो भरून संरक्षण अधिकाऱ्यांकडे पाठवायचा, आणि तपासणीची प्रत बाईला मोफत द्यायची. ती प्रत तिनं घरी नेली नाही. सासू पिशवी तपासते. बहिणीच्या हाती दिली.

प्लास्टर दाखवायला आठवड्यानं यायचंच होतं. तीच आमच्या भेटीची तारीख ठरली, कारण दवाखान्याला कोणी अडवत नाही. मोफत वकिलासाठी बाईला उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे दाखल्यांसाठी हेलपाटे नव्हते. वकालतनामा आणि शपथपत्रावर त्याच दिवशी सह्या झाल्या. त्याच कायद्याच्या कलम १२ खाली कोर्टात अर्ज, सोबत कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे निकालाआधीच्या, आदेशाची मागणी. घर सासऱ्यांच्या नावावर, म्हणून आपल्याला हक्कच नाही असं तिला वाटत होतं. नाव कोणाचंही असो, लग्नानंतर ती तिथे संसार करत आली, म्हणून राहण्याचा आदेश मागता येतो, हे समजावलं.

पोटगी किती मागायची, असं विचारलं तर म्हणाली, “आधी माझं आधार कार्ड अन् पोरीचा जन्मदाखला काढून द्या जी. सासूच्या कपाटात आहे.”

अर्जात ती मागणी सगळ्यात वर घेतली.