ओझेट बटाट्याचे बेणे आणि पाच आठवड्यांची वाट

आमच्या सिएटलजवळच्या घराच्या परसात चार फूट बाय आठ फुटांचा एकच वाफा आहे आणि गेल्या वर्षी तो पूर्णपणे ओझेट बटाट्यासाठी राखून ठेवायचा, असे मी जानेवारीतच ठरवले होते. बोटासारखा लांबट, फिकट पिवळ्या सालीचा आणि अंगभर डोळे असलेला हा बटाटा वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य टोकाला राहणाऱ्या मकाह या मूळनिवासी लोकांनी दोनशेहून अधिक वर्षे आपल्या परसात जपला आहे. 1792 मध्ये स्पॅनिश लोकांनी तिथल्याच नीआ बे येथे ठाणे उभारले आणि काही महिन्यांतच ते सोडून दिले. त्यांच्या बागेतले कंद मकाह लोकांकडे राहिले, असे मानले जाते. त्याला ओझेट हे नावही मकाह लोकांच्या एका जुन्या गावावरून मिळाले आहे. असे वाण आपल्या मातीत वाढवायला मिळावे, याची मला मनापासून ओढ होती.

बेणे विकणाऱ्या एका कंपनीकडे मी 12 जानेवारीला दोन पौंडांची मागणी नोंदवली, पैसे लगेच भरले आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात पार्सल येईल, असे उत्तर मिळाले. वाफा मार्चअखेरीस तयार झाला. 15 एप्रिल उलटला तरी काहीच आले नाही, तेव्हा मी पत्र पाठवले. थंडी ओसरेल तसतसे बेणे टप्प्याटप्प्याने पाठवले जाते, एवढेच त्यांनी कळवले. आमच्या भागात तोपर्यंत थंडी ओसरली होती आणि शेजारच्या बागेतल्या बटाट्यांचे कोंब मातीबाहेर आले होते. 27 एप्रिलला मी फोन केला, चाळीस मिनिटे थांबले आणि तेव्हा खरे कारण समजले. त्यांच्या यादीत संपूर्ण राज्याला एकच तारीख लावलेली होती आणि ती कॅस्केड पर्वतरांगेच्या पूर्वेकडच्या, उशिरापर्यंत गोठणाऱ्या भागासाठी ठरवलेली होती. आम्ही पर्वताच्या पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला राहतो आणि इथली जमीन कितीतरी आधी लागवडीला येते, हे मी त्यांना तीन वेळा समजावून सांगितले. मात्र नोंद बदलण्याचा अधिकार कोणाकडेच नव्हता.

या उशिराचा मला इतका संताप का आला, हे बटाट्याचे पीक घेतलेल्या माणसाला सांगावे लागणार नाही. ओझेटला काढणीला येण्यासाठी सुमारे 120 ते 130 दिवस लागतात. आमच्याकडे सप्टेंबरपासून पावसाळी हवा सुरू होते आणि तिच्याबरोबर करपा हा पानांचा रोग येतो, त्यामुळे एप्रिलमध्ये गेलेला प्रत्येक आठवडा कंद पोसण्याच्या शेवटच्या दिवसांतून वजा होतो. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर माझे काका बटाटा करतात. त्यांचे बेणे पंजाबातून येते आणि गाडी लांबली की त्यांचा जीव कसा टांगणीला लागतो, ते मी लहानपणी पाहिले होते. या वेळी ते स्वतः अनुभवले.

पार्सल अखेर 21 मे रोजी आले. बेणे प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले होते, आतून पाण्याचे थेंब साचले होते, दोन कंद कुजले होते आणि बाकीच्या सोळांना बोटभर लांबीचे पांढरेफटक कोंब फुटून ते एकमेकांत गुंतले होते. सोडवताना निम्मे मोडले. मी काकांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, कोंब मोडला तरी डोळे शाबूत आहेत ना? मग पुन्हा फुटेल. फक्त कापू नकोस." मी सगळे कंद अखंडच लावले, चार इंच खोल आणि फूटभर अंतरावर. मागवण्यापूर्वी पार्सल नेमक्या कोणत्या आठवड्यात निघेल, हे लेखी विचारून घ्यावे आणि शक्यतो आपल्याच हवामानात बेणे पिकवणाऱ्याकडून घ्यावे, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

पुढचे सर्व सुरळीत झाले. रोपे वीतभर झाल्यावर आणि नंतर आणखी दोनदा मातीची भर लावली, कारण उघडा पडलेला कंद हिरवा होतो आणि खाण्याजोगा राहत नाही. लागवडीआधीची एक गोष्ट सांगायची राहिली: वाफ्यात चुना किंवा राख घालू नये, कारण आम्लता कमी झाली की सालीवर खवडे पडतात, आणि आदल्या वर्षी जिथे टोमॅटो होते ती जागाही टाळावी.

सप्टेंबरच्या मध्यावर पानांवर करप्याचे तपकिरी डाग दिसले. 18 सप्टेंबरला मी सगळा पाला जमिनीलगत कापून दूर टाकला, साल पक्की होण्यासाठी दोन आठवडे कंद मातीतच ठेवले आणि 3 ऑक्टोबरला हातांनी माती उकरली. साडेसहा किलो बटाटे निघाले. ते सालीसकट उकडून जिरे, हिरवी मिरची आणि दाण्याचे कूट घालून केलेली भाजी इतकी खमंग आणि घट्ट झाली की मला माझ्या वाफ्याचा अभिमान वाटला.

त्यांतले डाग नसलेले वीस कंद मी कागदी पिशवीत, थंड गॅरेजमध्ये बेण्यासाठी ठेवले. मार्चमध्ये ते अंड्यांच्या ट्रेमध्ये खिडकीशी मांडले, त्यांना आखूड, जाड, जांभळट कोंब आले आणि यंदा 9 एप्रिलला ते जमिनीत गेले.