तुम्ही विचारलंत म्हणून: सुलोचनाबाई कोणत्या फडातल्या?

मी साताऱ्यात सुगम संगीत शिकवते. गणपतीत किंवा स्नेहसंमेलनात म्हणायला एखाद्या मुलीकडून सुलोचना चव्हाणांची लावणी बसवून घ्यायला लागले, की तिच्या घरचं कुणीतरी विचारतंच, "बाई, सुलोचनाबाई मूळच्या कोणत्या फडातल्या?" फड म्हणजे तमाशाचा संच. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. आवाजात एवढा ठसका, शब्दाशब्दाला एवढी धार, म्हणजे ही बाई कनातीतच वाढलेली असणार असं वाटणं साहजिक आहे. त्या फडातल्या नव्हत्याच, असं मी सांगते. त्यावर समोरून येतं, "तरीच! चांगल्या घरातल्या, म्हणून अंगभर पदर घेऊन गायच्या." हे दुसरं वाक्य मला लागतं. त्यालाही उत्तर द्यायचंय, पण आधी जे विचारलंत ते सांगते.

त्या मुंबईच्या. गिरगावातल्या फणसवाडीच्या. जन्म 1933 सालचा, माहेरचं आडनाव कदम. घरचाच बालमेळा होता. आजच्या मुलांना मेळा म्हणजे काय ते सांगावं लागतं: गणेशोत्सवात मुलामुलींचा संच घेऊन चौकाचौकांत पदं, संवाद, छोटी नाट्यं करायची. माइक नसला तरी मागच्या माणसाला शब्द कळला पाहिजे, ही तिथली पहिली अट. मराठीतल्या कितीतरी गायक-नटांचं शिक्षण मेळ्यातच झालं, सुलोचनाबाईंचंही. कुणा बुवांसमोर बसून त्यांनी रीतसर तालीम घेतलेली नव्हती. ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकायच्या आणि गुणगुणायचं. त्यात वत्सलाबाई कुमठेकरांची लावणी असायची आणि ती तोंडी आली की आई रागवायची. गिरगावातल्या घरात त्या काळी मुलीने लावणी म्हणणं बसणारं नव्हतं.

मग त्या हिंदी सिनेमात गाऊ लागल्या. हे सांगितलं की बहुतेकांना पटत नाही. तबकड्यांवर 'सुलोचना कदम' असं नाव असायचं, त्यामुळे हिंदीतली जुनी गाणी जमवणारी मंडळी त्यांना त्याच नावानं ओळखतात. 1951 सालच्या 'ढोलक' चित्रपटात श्यामसुंदर यांच्या संगीतात त्यांनी गायलेलं 'चोरी चोरी आग सी दिल में लगाकर चल दिये' एकदा ऐका. लावणीचा मागमूसही नाही. आवाज कोवळा, आर्जवी, उर्दू शब्द जपून उच्चारलेले. हे गाणं ऐकवून पुढे लगेच 'लवंगी मिरची' लावली, तर वर्गातल्या मुली शपथेवर सांगतात की या दोन वेगळ्या बायका आहेत.

ही कोवळ्या आवाजाची मुलगी लावणीकडे आली ती सिनेमाच्याच वाटेनं. आचार्य अत्र्यांच्या 'हीच माझी लक्ष्मी'साठी वसंत देसाईंनी त्यांच्याकडून एक लावणी गाऊन घेतली, पडद्यावर ती हंसा वाडकरांनी केली. पुढे 'कलगीतुरा' चित्रपट आला. त्यासाठी राजा बढे यांनी लावण्या लिहिल्या होत्या, दिग्दर्शक होते श्यामराव चव्हाण. लावण्या सुलोचनाबाईंनी गायल्या, आणि पुढे श्यामरावांशीच त्यांचं लग्न झालं. कदमांच्या चव्हाण झाल्या. लावणीतले आपले गुरू म्हणून त्या श्यामरावांचंच नाव घ्यायच्या. कुठला शब्द फेकायचा, कुठला राखायचा, कुठं ठसका द्यायचा आणि कुठं नुसतंच सूचकपणे सोडून द्यायचं, हे त्यांनी शिकवलं.

गायिकेला सूर दाखवणारे गुरू पुष्कळ भेटतात. इथे नवरा शब्द शिकवतो आहे, आणि तोही तिच्या वस्तीत न बोलल्या जाणाऱ्या बोलीतला. 'हाय', 'वरीस', 'लागंल', 'म्हणत्यात' ही फणसवाडीतली भाषा नव्हे. शहरी गायिका ही रूपं म्हणते तेव्हा बऱ्याचदा त्यात एक नाटकीपणा येतो, गावाकडच्या बोलीची किंचित टवाळी होते. सुलोचनाबाईंच्या गाण्यात ती कुठेही नाही. 'सोळावं वरीस धोक्याचं' मधला 'धो' ऐका. पूर्ण महाप्राण, म्हणजे 'ह'काराचा श्वास भरलेला, छातीतून आलेला, आणि तरी सुराला धक्का नाही. चाल कितीही द्रुत असो, जोडाक्षर गिळलेलं सापडत नाही. मी मुलींना ही लावणी आधी चालीशिवाय, नुसती ठेक्यात बोलायला लावते. निम्म्या मुली तिथेच अडखळतात.

त्यांच्या बहराचा काळ साठचं दशक. त्यामागेही कारण आहे. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमारास मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली होती, आणि नंतर मजकूर तपासून घेण्याच्या अटीवर फड पुन्हा उभे राहिले. इकडे फड अडचणीत आणि तिकडे पडद्यावर तमाशा जोरात, असा तो काळ. 1947 सालच्या 'लोकशाहीर रामजोशी'ने रस्ता दाखवला होता. 1959 साली अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' पुण्यात दोन वर्षांहून अधिक काळ चालला आणि मग तमाशापटांची रांगच लागली. प्रत्येक चित्रपटाला लावण्या हव्या होत्या. त्या लिहायला ग. दि. माडगूळकर होते, जगदीश खेबूडकर होते. चाली लावायला वसंत पवार आणि राम कदम. पडद्यावर नाचायला जयश्री गडकर. आणि गळा हवा होता.

1962 साली 'रंगल्या रात्री अशा' आला. खेबूडकरांनी सिनेमासाठी लिहिलेली ही पहिली लावणी: 'मला हो म्हणतात लवंगी मिरची'. संगीत वसंत पवारांचं. दोन वर्षांनी 'सवाल माझा ऐका' मधली 'सोळावं वरीस धोक्याचं', आणि 1965 साली 'मल्हारी मार्तंड' मधली 'फड सांभाळ तुऱ्याला गं आला'. ही शेवटची लावणी माझी सर्वांत आवडती. इथला फड उसाचा, तमाशाचा नव्हे. माडगूळकरांनी राखणदाराला दिलेला इशारा लिहिला आहे, वरवर बघितलं तर ऊस, कोल्हा, तुरा एवढंच. उरलेलं सगळं गायिकेनं करायचं. आणि सुलोचनाबाई काय करतात? त्या शब्दावर डोळा मारत नाहीत. खरोखरच उसाची काळजी वाटत असल्यासारख्या गातात, आणि त्यामुळेच दुसरा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात आपसूक उमटतो. आजच्या रिॲलिटी शोमध्ये ही लावणी म्हणणाऱ्या मुली 'उसाला' म्हणताना हसतात. हसू आलं की लावणी गेली.

एक तुलना नेहमी होते, ती आशाबाईंशी. 'बुगडी माझी सांडली गं' ही आशा भोसल्यांची, 'सांगत्ये ऐका' मधली. तिच्याविषयी उणं बोलणारी मी कोण? पण आशाबाई गातात तेव्हा एक श्रेष्ठ पार्श्वगायिका लावणी गाताना मला ऐकू येते, सुलोचनाबाई गातात तेव्हा समोर उभी असलेली बाई ऐकू येते, तिचा कमरेवरचा हातसुद्धा. आशाबाईंकडे लावणी हा शंभर रंगांपैकी एक रंग होता. सुलोचनाबाईंनी बाकीचे रंग बाजूला ठेवले. भावगीत गाणारी, हिंदीत नाव कमावू पाहणारी गायिका लावणीचीच झाली, आणि सिनेमावाल्यांनी मग दुसरं काही फारसं मागितलं नाही. हे मला खटकतं. 'ढोलक' मधला तो आवाज आणखी ऐकायला मिळायला हवा होता. पुढे 1972 साली 'पिंजरा' आला तेव्हा त्यातल्या लावण्या उषा मंगेशकरांच्या वाट्याला गेल्या होत्या.

तोवर सुलोचनाबाई सिनेमाच्या पलीकडे गेल्या होत्या. 'पाडाला पिकलाय आंबा', 'कसं काय पाटील बरं हाय का', 'खेळताना रंग बाई होळीचा' ही गाणी जत्रेच्या कर्ण्यांवर, लग्नाच्या मांडवात, आकाशवाणीवर वाजत राहिली. गावोगाव त्यांचे कार्यक्रम झाले. त्यांचे चिरंजीव विजय चव्हाण नामवंत ढोलकीपटू झाले, आईच्या लावणीला मुलाची ढोलकी असा योग लोकांनी ऐकला. 'लावणीसम्राज्ञी' हा किताब त्यांना अत्र्यांनी दिला. 2012 चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, 2022 साली पद्मश्री, आणि त्याच वर्षी 10 डिसेंबरला त्या गेल्या.

आता ते पदराचं.

कार्यक्रमात त्या माइकसमोर गायच्या, नाचायच्या नाहीत. साडीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला असायचा. हे खरं आहे आणि फोटोंत दिसतंही. ती त्यांची स्वतःची निवड होती आणि तिला माझा नमस्कार आहे. सगळा शृंगार गळ्यातून येतो, हातवाऱ्यांची मदत लागत नाही, हे त्या पदरामुळे ठळक कळतं. पण लोक या पदराचा उपयोग दुसऱ्या बायकांना खाली ढकलायला करतात, तिथं मी अडते.

वाईच्या यमुनाबाई वाईकरांना तुम्ही ऐकलंय का? त्याही 'लावणीसम्राज्ञी'च. कोल्हाटी समाजात जन्म, बैठकीच्या लावणीत आयुष्य गेलं. मांडी घालून बसायच्या आणि एकच ओळ घेऊन तिचे अर्थ डोळ्यांनी, बोटांनी, भुवईनं उलगडत न्यायच्या. ठुमरीच्या अंगानं जाणारी ती गायकी तीन मिनिटांच्या तबकडीत मावणारी नव्हतीच. त्यांना पद्मश्री मिळाली 2012 साली, वयाच्या नव्वदीनंतर. विठाबाई नारायणगावकर तर ढोलकी फडाच्या, म्हणजे ढोलकीवर उभ्यानं नाचगाणं करणाऱ्या तमाशातल्या. प्रयोग चालू असताना पडद्यामागे बाळंत होऊन पुन्हा मंचावर उभ्या राहिल्याची त्यांची गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांनी ऐकलेली आहे. 2002 साली त्या गेल्या. त्यांचे शेवटचे दिवस हलाखीचे होते. त्या गेल्यानंतर त्यांच्या नावानं राज्य सरकारचा तमाशा कलावंतांसाठीचा पुरस्कार सुरू झाला.

या बायकांनी लावणी जिवंत ठेवली होती म्हणून माडगूळकर-खेबूडकरांना ती लिहिता आली, वसंत पवारांना चाल सुचली आणि सुलोचनाबाईंना गाता आली. लावणी तीच. फडातल्या बाईनं गायली की तिच्या जातीवर, चारित्र्यावर बोट ठेवायचं, आणि रेकॉर्डिंग स्टुडिओतून आली की दिवाणखान्यात ऐकायची, हा आपल्या समाजाचा दुटप्पीपणा झाला. त्याचा दोष सुलोचनाबाईंचा मुळीच नाही. पण त्यांचं कौतुक करताना "चांगल्या घरातल्या" हे शब्द वापरले, की यमुनाबाई आणि विठाबाई आपोआप वाईट घरातल्या ठरतात. माझ्या वर्गात हे शब्द चालत नाहीत. आणि सुलोचनाबाईंवरही त्यात अन्यायच होतो. त्यांनी जे कमावलं ते घराण्यामुळे किंवा पदरामुळे नव्हे. ज्या मुलीला घरात लावणी गुणगुणू दिली जात नव्हती, तिनं एक परका उच्चार शब्द-शब्द करून आपल्या जिभेवर चढवला. मोठेपण मोजायचं तर ते तिथं मोजा.

मुलीला लावणी शिकवू का, असंही काही आया दबक्या आवाजात विचारतात. शिकवा. मात्र मोबाइलवर कराओके लावून सुरुवात करू नका. पहिले काही दिवस मूळ ध्वनिमुद्रण नुसतं ऐकू द्या, व्हिडिओ बंद ठेवून. ढोलकीचा तोडा कुठं संपतो आणि आवाज नेमका कुठं उचलला जातो तिकडे तिचं लक्ष वेधा. 'लवंगी मिरची'पासून सुरुवात करावी, कारण त्यात नुसती ऐट आहे, आणि ऐट लहान मुलींना आपोआप येते. 'फड सांभाळ' मोठेपणी. मधे कधीतरी 'चोरी चोरी आग सी' ऐकवा. आणि यमुनाबाईंची बैठकीची एक लावणी तरी, मुलगी कंटाळली तरी, शेवटपर्यंत ऐकवा. सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी माझा वर्ग असतो, ज्यांना हे सगळं एकत्र बसून ऐकायचं आहे त्यांनी आईबाबांना घेऊन यावं.